तपासणीचा चौथा दिवस

फोंड्याच्या बसस्थानकावर नवा नकाशा लागला,
उसाच्या रसाच्या गाड्यामागे, पत्र्यावर छापलेला,
आणि मला पाठवलं पाच दिवसांसाठी, क्लिपबोर्ड देऊन:
लोकांना तो कळतो का, आणि किती सेकंदांत.

स्टॉपवॉच बहिणीचं, पोहण्याच्या शर्यतींतलं.
अजून त्याच्या दोरीला क्लोरीनचा वास येतो.

आधी चांगलं लिहिते.
अक्षर जाड आहे, चष्मा घरी विसरलेल्यालाही लागेल असं.
रेघा फक्त सरळ किंवा तिरप्या.
बोरीनंतर जो रस्ता सात वेळा मन बदलतो
तो इथे एकदाच वळतो आणि सुखाने शिरोड्याला पोचतो.
खोटंच, पण कामाचं.
निळा रंग नदीने आधीच घेतलेला
म्हणून पणजीच्या वाट्याला जांभळा आला,
सावईवेऱ्याला हिरवा, शिरोड्याला तांबडा, दुर्भाटला उरलेला राखी.

रोहिदास वेळीप, कंडक्टर, डोळे बारीक करून उभा राहिला.
हिरवी कुठली, तांबडी कुठली, त्याला दिसेना.
"दोन्ही सुकल्या झावळीसारख्या," म्हणाला,
चामडी पिशवी काखेत दाबत.
मग चोवीस वर्षं गाड्या ओळखल्या कशा?
"हॉर्नवरून. आणि कोण चढतंय त्यावरून."
रकाना सहा, रंग न ओळखणाऱ्यांची सोय:
नाही.

कॉलेजच्या मुलीला खांडोळा नऊ सेकंदांत सापडलं.
आपोलिनाला डोक्यावरची पाटी उतरवायलाच तेवढे लागले.
मग तिचं बोट राखी रेघेवरून चालत गेलं,
मागे एक खवला चिकटवत,
थांबलं, मागे आलं.
"आनी म्हजो वड खंय?"

वड नाही.
बंद पडलेली सोड्याची फॅक्टरी नाही,
पांढरा खुरीस नाही, जिथे गाडी थांबत नाही,
नुसती मंदावते, आणि ज्यांना जमतं ते उतरतात.
छापलेत ते थांबे
जिथे सरकारी शेड आहे आणि शेडमध्ये बकऱ्या.

दुर्भाटला रेघ संपते.
नदीवर पाच टिंबं, पलीकडे रासय.
टिंबं म्हणजे काय, मी अकरा जणांना विचारलं.
तिघे म्हणाले, पूल व्हायचाय.
एकजण म्हणाला, शाई संपली.
फेरीबोट कोणीच म्हणालं नाही,
त्यातले पाचजण रोज तिनेच येतात.

काल सव्वासातला सावईची शेवटची गाडी गेली.
हिरवी रेघ होती तशीच, जाड, भरवशाची.
एक बाई, खांद्यावर झोपलेलं पोर,
मोबाइलच्या उजेडात ती रेघ वाचत होती.
तिला नकाशा पूर्ण कळला,
पाच सेकंदांत, सगळ्या तपासणीतला विक्रम.
मग ती फलाट तीनवर जाऊन उभी राहिली.
मी जाऊन सांगेपर्यंत वीस मिनिटं उभी होती.
रिक्षावाला सहाशे म्हणाला.
नकाशावर रात्र होत नाही.
हे कुठल्या रकान्यात बसवू?

आणि तो लाल ठिपका, "आपण इथे आहात",
चौथ्या दिवशी उरलेलाच नाही.
जायचं कुठेही असो,
माशेल, उसगाव, बेतकी,
प्रत्येकाने पहिलं बोट तिथेच टेकवलं
आणि मग निघाला.
आता तिथे रुपयाएवढा उघडा पत्रा,
वर चुना, उसाचा रस, माशाचं पाणी.
आपण कुठे आहोत ते त्यावरून अगदी बरोबर कळतं.

नकाशा काढणाऱ्या मुलाचा दुपारी फोन आला:
ठिपक्यावर जाड प्लास्टिक लावू का?
म्हटलं, उद्या सांगते.

संध्याकाळी रोहिदासने माझा काळा मार्कर मागून घेतला,
पाण्याने न जाणारा.
कशाला, ते विचारलं नाही.
दुर्भाटकडची रेघ तो बराच वेळ बघत होता,
तिला रंग नाहीच, तेव्हा ती त्याला दिसत असावी.